बाग विकू नका ताई, आधी ओपीडी बघून या

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय, थोडं आटोपशीर करून देतेय.

"ताई, नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी झाली, नीटची परीक्षा दिली. एमबीबीएसला लागेल असा स्कोअर नाही पण तिला तसंही पहिल्यापासून डेंटलच करायचंय. मी अंगणवाडी सेविका, ह्यांची रिक्षा आहे आणि सासऱ्यांनी लावलेली हापूसची थोडी कलमं आहेत. आम्ही ओबीसी. एक अ‍ॅडमिशनवाले भेटले, ते म्हणतात नवी मुंबईला डीम्ड कॉलेजात करून देतो, वर्षाला साडेपाच लाख फी, हॉस्टेल-मेस दीड लाख, आत्ता पन्नास हजार टोकन द्या म्हणजे सीट पक्की. ह्यांचे मावसभाऊ पनवेलला असतात, ते म्हणतात खेडला-बिडला घालू नका, कॉलेजला नाव पाहिजे, नाहीतर पुढे कोण विचारणार. खासगी कॉलेजांची फी आम्हाला तीन लाख सांगितली. गोव्याचं बांबोळीचं कॉलेज आम्हाला जवळ पडतं, तिथे मिळेल का? हे अर्धी बाग विकायचं बोलतायत. मला झोप नाही. कुठलं कॉलेज चांगलं ते सांगा."

ताई, सगळ्यात आधी, ते पन्नास हजार देऊ नका. आज, उद्या, कधीच नाही. बाकीचं सगळं सावकाश वाचा पण हे आत्ता ह्यांना फोन करून सांगा. डीम्ड कॉलेजच्या, म्हणजे ज्यांना स्वतःच विद्यापीठाचा दर्जा आहे अशा कॉलेजांच्या सीटा एमसीसी या दिल्लीच्या सरकारी कमिटीच्या ऑनलाइन काउन्सेलिंगमधूनच भरतात, नीटचा रँक आणि तुम्ही भरलेला चॉइस यावर कॉम्प्युटर सीट देतो, गावातला कुणी माणूस ती "पक्की" करू शकत नाही. रँकने जी सीट तिला मिळणारच आहे ती "मी करून दिली" म्हणून हा माणूस पन्नास हजार खिशात घालणार, आणि नाही मिळाली तर फोन उचलणार नाही, एवढाच त्याचा धंदा आहे. फीच्या वर डोनेशन मागणं तर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने गुन्हा आहे. डीम्डसाठी एमसीसीकडे रजिस्ट्रेशन करताना दोन लाख डिपॉझिट भरावं लागतं ते खरं, पण ते साइटवर भरायचं असतं, सीट लागली नाही तर परत येतं, कुणाच्या हातात द्यायचं नसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठलं कॉलेज चांगलं. मी स्वतः दातांची डॉक्टर, आपल्याच किनाऱ्यावर प्रॅक्टिस करते आणि दर वर्षी जून-जुलैत आसपासच्या पोरांचे आईबाप माझ्याकडे कागद घेऊन येतात, सगळे हेच विचारतात आणि सगळ्यांच्या डोक्यात तीन गोष्टींचा एकच गुंता झालेला असतो. कटऑफ वर म्हणजे कॉलेज चांगलं, फी जास्त म्हणजे कॉलेज चांगलं, नाव ऐकलेलं म्हणजे कॉलेज चांगलं. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

कटऑफचं बघू. महाराष्ट्रात बीडीएसला, म्हणजे डेंटलच्या डिग्रीला, सगळ्यात आधी भरतात त्या सरकारी सीटा, मुंबईचं गव्हर्न्मेंट डेंटल कॉलेज, जे सीएसएमटीला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे, म्हणजे कोकणकन्येतून उतरलं की चालत जायचं, आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर डेंटल, मग नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं. त्यानंतर खासगीत मुंबई, नवी मुंबई, पुण्याकडची आणि मग तालुक्याच्या ठिकाणची. आता हा क्रम कशामुळे लागतो? फी कमी आणि शहर जवळ, मुख्य कारणं एवढीच. खारघर, नेरूळचं कॉलेज आधी भरतं कारण मुंबईतल्या पोराला लोकलने घरून जाता येतं, हॉस्टेलचा खर्च वाचतो. तिथे शिकवतात चांगलं की वाईट हे त्या कटऑफवरून काहीच कळत नाही. कटऑफ म्हणजे मागणी, बस.

आणि मार्कांवरून तर अजिबात अंदाज बांधत बसू नका. शेजारच्या पोरीला दोन वर्षांपूर्वी अमुक मार्कांवर मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल असं होत नाही. २०२४ ला पेपर असा होता की टॉपरला ७२० पैकी ७२० होते, ओपनचं नुसतं क्वालिफाय व्हायचं मार्क १६२ होतं. २०२५ ला फिजिक्सने पोरांना रडवलं, देशात पहिल्याला ६८६ आणि क्वालिफायिंग १४४. तेव्हा मागच्या वर्षांचं बघायचं तर सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याचे प्रवेश करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, याद्यांमधला स्टेट मेरिट नंबर बघायचा, कॅटेगरी आपली लावायची, आणि पहिल्या राउंडचा नाही तर शेवटच्या राउंडचा आकडा बघायचा. बीडीएसला पहिल्या आणि शेवटच्या राउंडमध्ये फार फरक पडतो, कारण बरीच पोरं एमबीबीएस नाहीतर बीएएमएस लागलं की सीट सोडून जातात. सीटा रिकाम्या राहतात म्हणून २०२०-२१ ला तर सुप्रीम कोर्टाने बीडीएसचं क्वालिफायिंग पर्सेंटाइल दहाने खाली आणायला सांगितलं होतं. म्हणजे डेंटलची सीट मिळवायला घर विकावं लागेल अशी परिस्थितीच नाहीये. ही भीती विकणारे लोक आहेत, त्यातला एक तुम्हाला भेटलाय.

बांबोळीचं सांगते. गोवा डेंटल कॉलेज १९८० चं, सरकारी, आपल्या सिंधुदुर्गातले पेशंट तिथे नेहमी जातात त्यामुळे आपल्याला ते आपलंच वाटतं, पण अ‍ॅडमिशनला आपण परके. तिथल्या बहुतेक सीटा गोव्याच्या रहिवाशांच्या. आपल्याला उरतो तो १५ टक्के ऑल इंडिया कोटा आणि तेवढ्या मोजक्या सीटांवर सगळा देश टपलेला असतो. एमसीसीच्या फॉर्ममध्ये टाका, टाकायला काही जात नाही, पण त्यावर बसून राहू नका. आणि हे सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडच्या वाचकांसाठी, ताईंना नाही लागू : जवळ पडतं म्हणून अकरावी-बारावी गोव्यात करायला पोरं पाठवता ना, महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्याला डोमिसाइलबरोबर दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास लागते. गोव्यातून बारावी केलेली पोर गोव्याच्या रहिवाशांत बसत नाही आणि महाराष्ट्राच्या कोट्यातही बसत नाही. असे आईबाप माझ्यासमोर बसून रडलेत. दहावीचा निकाल लागतो तेव्हाच हे बघायला हवं.

आता पैसे. इथे तुमच्या घरात सगळ्यात मोठी चूक होऊ घातलीय म्हणून जरा लांबवर लिहितेय, कंटाळू नका.

तुम्हाला सांगितलेला डीम्डचा आकडा घ्या. साडेपाच लाख गुणिले चार वर्षं, बावीस लाख. हॉस्टेल-मेस दीड लाख आणि ते पाच वर्षं धरा कारण चार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप असते, साडेसात लाख. झाले साडेएकोणतीस. वर पुस्तकं, इन्स्ट्रुमेंट, परीक्षा फी, गावाला येणं-जाणं, आणि दर वर्षी फी वाढते ती वेगळीच. बत्तीस-तेहतीसला काही मरण नाही. बाग विकली नाही आणि नुसतं तीस लाखांचं लोन काढलं तर दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायला महिन्याला जवळजवळ चाळीस हजार हप्ता येतो, शिकत असतानाचं व्याज न धरता. आपल्याकडे नव्या बीडीएसला दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये बसून पंधरा-वीस हजार मिळाले तरी चांगले म्हणायचे. मग हप्ता कोण भरणार? परत ह्यांची रिक्षाच.

आणि आता दुसरी बाजू, जी तुम्हाला त्या माणसाने सांगितली नाही आणि सांगणारही नाही कारण त्यात त्याचं काही नाही. जुलै २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी ती पन्नास टक्के होती. सरकारी कॉलेजला आहेच, पण विनाअनुदानित खासगी कॉलेजलाही आहे, अट अशी की अ‍ॅडमिशन सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे मेरिटवर सीटा वाटायच्या सरकारी फेऱ्यांमधून, झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या सीटला नाही, आणि डीम्डला अजिबात नाही. परत वाचा ताई. तुमच्या लेकीने कॅपमधून खासगी कॉलेज घेतलं तर तुम्हाला सांगितलेल्या तीन लाखांतला ट्यूशन फीचा भाग तुम्हाला भरायचा नाहीये, आणि फीमधला मोठा भाग तोच असतो. डीम्डला तीच मुलगी, तेच उत्पन्न, तीच जात, आणि एक रुपया माफ नाही.

सगळं फुकट होतं असं नाही हं. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, इन्स्ट्रुमेंट हे आपल्या खिशातून. महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिपच्या साइटवर फॉर्म दर वर्षी भरावा लागतो, एखादा कागद अडकला की अर्ज परत येतो, आणि सरकारकडून कॉलेजला पैसे यायला उशीर होतो म्हणून काही कॉलेजं पोरांच्या मागे लागतात, आत्ता भरा मग परत देऊ म्हणतात. तेव्हा अ‍ॅडमिशन घेताना जीआरची प्रिंट फाइलमध्ये ठेवा, शांतपणे दाखवा, पावती प्रत्येक गोष्टीची घ्या. कॉलेज मनाला येईल ती फी सांगू शकत नाही, खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार आकडे त्यांच्या साइटवर असतात, ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती. कुणी तोंडी सांगितलेला आकडा धरू नका, माझाही नको, तिथला धरा.

उरलेल्या खर्चाला बँकेचं एज्युकेशन लोन काढा. साडेसात लाखांपर्यंतच्या लोनला सरकारी क्रेडिट गॅरंटीची योजना आहे, त्यात तारण ठेवावं लागत नाही, मॅनेजर सातबारा मागायला लागला तर या योजनेचं नाव घेऊन विचारा. बागेचा कागद कपाटातच राहू दे.

आता ह्यांच्या मावसभावांचा मुद्दा, नाव. त्यांचं मन वाईट नाही, पुतणीचं चांगलं व्हावं म्हणूनच बोलतायत, पण नाव म्हणजे कुणाचं नाव ते बघू या. सरकारी असो नाहीतर खासगी, महाराष्ट्रातली डीम्ड सोडून बाकीची डेंटल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. सीएसएमटीच्या पोराला जो पेपर तोच खेडच्या पोराला, डिग्रीवर विद्यापीठ तेच. डीम्डची परीक्षा त्यांची त्यांची. आणि २०२३ च्या नॅशनल डेंटल कमिशनच्या कायद्यात तर सगळ्यांसाठी एकच एक्झिट परीक्षा घ्यायची तरतूद केलीय, ती लागू झाली की कॉलेज कुठलंही असो, चाळण एकच.

रँकिंगवाले येतात मग. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये डेंटल कॉलेजांची यादी २०२० पासून येते. वाईट नाही, पण ती बनते कशी ते बघा, शिकवण्याला मार्क आहेत तसे रिसर्च पेपर किती छापले त्यालाही मोठे मार्क आहेत. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बातमी आली होती, दक्षिणेतल्या एका वरच्या नंबरच्या डेंटल कॉलेजबद्दल, की तिथे पदवीच्या पोरांकडून परीक्षेत पेपर लिहून घेऊन छापतात आणि त्यात आपल्याच कॉलेजचे संदर्भ भरतात. आता असे हजार पेपर छापले म्हणून तुमच्या लेकीला खालची दाढ काढता येणार आहे का? तिला ज्याची गरज आहे ते त्या यादीत मोजतच नाहीत.

तिला गरज आहे पेशंटची. डेंटल हा हाताचा कोर्स आहे ताई. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, दिवस दिवस, कडा एका मिलिमीटरने चुकली तर सर तो मोडून परत कर म्हणतात. दुसऱ्या वर्षी काढलेले दात बाटलीत गोळा करायचे, त्यात कॅव्हिटी कापायच्या, पुतळ्याच्या तोंडात काम करायचं. इथपर्यंत सगळी कॉलेजं थोड्याफार फरकाने सारखीच. खरा फरक पडतो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जिवंत माणूस खुर्चीत येऊन बसतो तेव्हा. प्रत्येक डिपार्टमेंटचा कोटा असतो, इतके दात काढायचे, इतकं स्केलिंग, इतक्या फिलिंग, रूट कॅनाल, पूर्ण कवळी करून द्यायची. ज्या कॉलेजची ओपीडी भरलेली आहे तिथली पोरगी एका सकाळी तीन तऱ्हेचे दात काढते. एक हलणारा, एक सडून नुसती मुळं उरलेली, एक असा की घट्ट बसलाय आणि पेशंटला बीपी आहे, आणि मागे स्टाफ उभा असतो, मनगट कसं फिरवायचं ते तिच्या हाताला हात लावून दाखवतो. ज्या कॉलेजात पेशंट नाही तिथली पोरगी काय करते माहितीये? कोटा भरायला घरी फोन करते, आजीला घेऊन या, काकांना पाठवा, जायचे-यायचे पैसे मी देते. काही ठिकाणी पोरं पदरचे पैसे देऊन पेशंट आणतात. आणि केस शीटवर सही तर होतेच, कोटा कागदावर तर भरतोच. मग तीच पोरगी इथे येऊन माझ्यासारखीच्या क्लिनिकला नोकरीला लागते आणि दाढेचं इंजेक्शन द्यायला घाबरते. कॉलेजला नाव होतं बरं का तिच्या.

म्हणून म्हणतेय कॉलेज बघून या. ब्रोशर नाही, बिल्डिंग नाही, ओपीडी. फॉर्ममध्ये टाकणार असाल त्यातली निदान दोन तरी, खेडचं योगिता डेंटल तर आपल्या रेल्वेलाइनवरच आहे. ते चांगलं की वाईट हे मी सांगत नाही, ते तुम्ही डोळ्यांनी बघायचं, पण ते "खेडला-बिडला" म्हणून न बघता काट मारायचं काही कारण नाही. सुट्टीचा दिवस नको, इन्स्पेक्शनचा दिवस तर नकोच, कारण त्या दिवशी कुठलीही ओपीडी भरलेलीच दिसते. कामाच्या दिवशी दहा-साडेदहाला जा, केस पेपरच्या खिडकीपाशी थांबा, हवं तर तुमचाच दात दाखवायला म्हणून केस पेपर काढा, त्यावर नंबर किती पडला ते बघा. मग एकेका डिपार्टमेंटमध्ये डोकावा. खुर्च्या किती आणि त्यातल्या किती खुर्च्यांत माणूस बसलाय. कवळीच्या डिपार्टमेंटबाहेर म्हातारी माणसं बाकावर आहेत का. ओरल सर्जरीत इंटर्न स्वतः दात काढतायत की नुसते पीजीवाल्यांच्या हातात फोर्सेप्स देतायत. आपल्या कोकणात मशेरी लावणाऱ्या बायका, गुटख्याने तोंड उघडेनासं झालेले तरुण, हे पेशंट भरपूर, आणि अशा पेशंटच्या तोंडात कॅन्सरची सुरुवात ओळखता येणं हे पुस्तकातून येत नाही, शंभर तोंडं बघून येतं. ते पेशंट त्या ओपीडीत दिसतायत का बघा.

आणि कॅन्टीनमध्ये बसा. फायनल इयरच्या मुलींशी लेकीला एकटीला बोलू द्या, तुम्ही जरा बाजूला व्हा, त्या आईबापांसमोर खरं बोलत नाहीत. तिने विचारायचं, कोटा पूर्ण करायला पेशंट बाहेरून आणावे लागतात का, रूट कॅनाल स्वतः किती केले, मॅडम-सर क्लिनिकमध्ये मागे उभे राहतात की सहीपुरते येतात, हॉस्टेलला पाणी असतं का, इंटर्नशिपचं स्टायपेंड हातात खरंच पडतं का आणि किती, इन्स्ट्रुमेंट बाहेरून सेकंडहँड घेतली तर चालतात की कॉलेजच्याच दुकानातून घ्यायला लावतात. हा शेवटचा प्रश्न छोटा वाटतो पण सीनियरकडून वापरलेला सेट घेता आला तर चांगलेच पैसे वाचतात.

डीम्ड कॉलेजं सगळी वाईट असं माझं म्हणणं नाही. काहींची ओपीडी मोठी आहे, मशिनरी चांगली आहे, शिकवणारे चांगले आहेत. ज्याला परवडतं त्याने जरूर जावं. पण तुम्हाला फीमाफी नसलेली, आरक्षण नसलेली, बागेची किंमत मागणारी सीट घ्यायची गरज कधी, तर कॅपमध्ये सगळीकडून नकार आला तरच, आणि तेव्हाही मी म्हणेन एक वर्ष थांबू दे, परत नीटची परीक्षा देऊ दे. वर्ष गेलं तर भरून काढता येतं, धरत्या कलमांची जमीन एकदा दुसऱ्याच्या नावावर गेली की गेली. आणि अजून एक गोष्ट, तिला पुढे एमडीएस, म्हणजे डेंटलचं पदव्युत्तर शिक्षण, करावंसं वाटेल, बऱ्याच जणांना वाटतं, ती तीन वर्षं परत असतात आणि तिथे खासगीची फी बीडीएसहून कितीतरी चढी असते. आत्ताच सगळं संपवलंत तर तेव्हा काय? आणि क्लिनिक टाकायला खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, जागेचं डिपॉझिट, तेही लाखांतच जातं. बाग राखायचीच असेल तर त्या दिवसासाठी राखा.

फॉर्म भरायचा क्रम सांगते. दोन्हीकडे रजिस्ट्रेशन करा, राज्याच्या सीईटी सेलकडे आणि ऑल इंडियासाठी एमसीसीकडे. एमसीसीला फक्त ऑल इंडिया कोट्यातली सरकारी कॉलेजं टाका, बांबोळी वर ठेवा, डीम्डचं रजिस्ट्रेशन करू नका म्हणजे ते दोन लाखही अडकणार नाहीत. सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये आधी चारही सरकारी, लागो न लागो. वरचं कॉलेज टाकलं म्हणून खालचं मिळायची शक्यता कमी होत नाही, हा गैरसमज फार पोरांना महागात पडतो. नागपूर लांब वाटेल, पण सरकारी सीट लागली तर नागपूरलाही पाठवा. त्याखाली खासगी, तुम्ही बघून आलेल्या ओपीडीच्या क्रमाने, शहराच्या नावाच्या क्रमाने नाही. सीट लागली आणि ती तिला हवीच असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरा, नाहीतर पुढच्या राउंडला वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट आपोआप जाते, मग मागे फिरता येत नाही. कोकणाला पूर्वी ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता तो २०२० पासून रद्द झालाय, तेव्हा जुने लोक त्याबद्दल सांगतील ते आता लागू नाही.

कागद मात्र आजपासून. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर ओरोसला पडताळणी समितीकडे लगेच अर्ज, सीट लागल्यावर धावपळ करून ते मिळत नाही आणि वैधता नसेल तर कॅटेगरीची सीटही गेली आणि फीमाफीही गेली. नॉन-क्रिमिलेअर पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालणारं पाहिजे. एमसीसीला ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, तहसीलला दोन्ही एकदमच मागा, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना तेही तेव्हाच बघून घ्या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आधारशी ताडून बघा, आपल्याकडे वडिलांच्या नावात हमखास घोळ असतो. लेकीचं बँक खातं आधारला लिंक असू दे, महाडीबीटीचा पैसा त्याशिवाय येत नाही.

मावसभावांना हे पत्र वाचायला द्या, आणि त्यांना एक काम सांगा, ते पनवेललाच आहेत ना, तर खारघर आणि नेरूळच्या खासगी कॉलेजांच्या ओपीडीत एका सकाळी जाऊन यायला सांगा, खुर्च्या मोजून यायला सांगा. त्यांची मदत अशी घ्या.

आणि लेकीला म्हणावं, सीट लागेपर्यंत रिकामी बसू नको. एमबीबीएस नाही म्हणून डेंटल असं नाही, डेंटलच हवं म्हणून डेंटल, असं म्हणणारी पोरं मला वर्षात फार थोडी भेटतात, मला तिच्याबद्दल खरंच बरं वाटलं. साबणाच्या वडीवर कोरीव काम करायला लागू दे, पहिल्या वर्षाच्या मेणाला तो हात उपयोगी पडेल. मेरिट लिस्ट लागली की तिचा स्टेट नंबर, कॅटेगरीचा नंबर आणि ओपीडीत काय दिसलं ते लिहून पाठवा, खासगी कॉलेजांचा क्रम मग आपण बसून लावू, फॉर्म सबमिट करायच्या आधी.